आत घेतलेल्या पोटाचं चिलखत

चंद्रशेखर काकांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की किल्लेदाराचं चिलखत नेहमीच्या दुकानातून भाड्यानंच आणायचं ना. सगळ्यांनी ‘हो’ म्हणून चहाकडे मोर्चा वळवला असता, तर लखनौच्या मराठी मंडळाचं वार्षिक नाटक दरवर्षीसारखं सुखरूप पार पडलं असतं. पण धैर्यशील उभा राहिला.

“काका, ते दुकान रामलीलावाल्यांचं आहे. गेल्या वर्षी आपला किल्लेदार मेघनादाचं कवच घालून बुरुजावर उभा होता. छातीवर जरीचा सूर्य. गड राखणारा माणूस असा चमचमतो का?”

“लांबून काय कळतंय, बाळा?”

“मला कळतं,” धैर्यशील म्हणाला. (तो रेल्वेत इंजिनियर होता, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि लांबून जे कोणाला कळत नाही त्यासाठीच खरं भांडायचं असतं, असं त्याचं ठाम मत होतं.) “मी करतो. फोमचं. जगभर पोरं घरी बसून करतात, इंटरनेटवर सगळं आहे.”

काका रेल्वेतूनच रिटायर झालेले. नाटकही टाइमटेबलसारखं बसवायचे. “ठीक आहे,” ते म्हणाले, “दुकानाला नको म्हणून कळवतो. पण जमलं नाही, तर पुढे कायम भाड्याचं. आणि तू परत पडद्याच्या दोरीवर.”

हे शेवटचं वाक्य धैर्यशीलला लागलं. मंडळात आल्यापासून तो पडदाच ओढत होता. यंदा पहिल्यांदा त्याला तोंड उघडायला मिळणार होतं, आणि तेही किल्लेदाराच्या भूमिकेत. शत्रूचा वकील गडाच्या किल्ल्या मागायला येतो आणि किल्लेदार त्याला पानभर सुनावतो. ते पानभर त्यानं आंघोळ करताना इतक्या वेळा म्हटलं होतं, की शेजारच्या क्वार्टरमधले शुक्लाजी त्याला जिन्यात भेटले की “गढ़ बचा क्या?” असं विचारायचे.

फोम मिळाला तो चारबाग स्टेशनच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या सोलचे तक्ते विकणाऱ्या दुकानात. एका बाजूनं निळा, एका बाजूनं पांढरा, हवाई चपलेचा असतो तसा.

“कितने जोड़े निकालेंगे जनाब इसमें से?” दुकानदारानं अदबीनं विचारलं.

“जोड़े नहीं. एक ही पीस बनेगा.”

दुकानदारानं तक्त्याकडे पाहिलं, मग धैर्यशीलच्या पायांकडे, मग पुन्हा तक्त्याकडे. “अल्लाह सलामत रखे,” तो म्हणाला आणि तक्ता गुंडाळून दिला.

आता माप. इंटरनेटवरच्या पोरांची पद्धत अशी, की अंगाला स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, त्यावर चिकटपट्टी मारत जायचं, मग ते कवच अंगावरच कापून काढायचं. झाला आपल्या देहाचा नकाशा. पट्टी मारायला त्याची बायको सुरुची होती. पण त्याच रविवारी तिचे वडील बाबुराव शहराबाहेरच्या बख्शी का तालाबहून भेटायला आले. बाबुराव एअर फोर्समधून निवृत्त झाले होते, पण त्यांचं पोट अजून ड्युटीवर होतं. म्हणजे सपाट होतं. ते समोरच्या खुर्चीत ताठ बसून चहा घेऊ लागले आणि बनियनवर उभ्या असलेल्या धैर्यशीलनं नकळत पोट आत ओढलं.

“अहो, नीट उभे राहा ना,” सुरुची म्हणाली. (एरवी ‘अरे’, पण वडील समोर असले की ‘अहो’.)

“नीटच उभाय.”

“पोट सोडा.”

“हेच आहे माझं.”

“मी रोज बघते.”

“पट्टी मार तू.”

बाबुरावांनी कप खाली ठेवला. “जावईबापू, श्वास घेताय ना?”

धैर्यशीलनं नुसती मान हलवली. बोलायला हवा नव्हती.

अशा रीतीनं जगात नसलेल्या एका सडपातळ माणसाचा नकाशा तयार झाला. बाबुराव गेल्यावर सुरुचीनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिची आई कोल्हापुरात ब्लाउज शिवायची, त्यामुळे मार्जिन हा शब्द तिच्या रक्तात होता. “फोम बोटभर जाड आहे. तेवढी जागा सोड कापताना.” पण धैर्यशीलच्या हातात कटर होता आणि डोक्यात बुरूज होता. जागा सोडणं वगैरे त्याला तडजोडीचं वाटलं.

पुढचे काही दिवस घराची रणभूमी झाली. फोमला बाक द्यायला सुरुचीचा हेअर ड्रायर वापरला गेला आणि तो कामी आला (उपयोगी पडला या अर्थानं नव्हे, रणात पडला या अर्थानं). गोंदाच्या डबीवर लिहिलं होतं, दोन्ही बाजूंना लावून सुकेपर्यंत थांबा. धैर्यशीलला थांबणं कधीच जमलं नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदा डावा खांदा उजवीकडे बसला, आणि दुसऱ्यांदा पाठीची पट्टी सोफ्याच्या कव्हरला कायमची चिकटली. वासानं शुक्लाजी धावत आले. “भैया, गैस तो नहीं लीक हो रही?” त्यांना आत बोलावून चिलखत दाखवावं लागलं. ते छातीच्या पत्र्यावर टिचकी मारून म्हणाले, “बरसात में अच्छा रहेगा.”

पण चंदेरी रंग मारून त्यावर काळ्या रंगाचा हात पुसून घेतला, आणि काय सांगावं, सोलचा तक्ता लोखंड झाला. घाव दिसत होते. गंज दिसत होता. शिरस्त्राणही मस्त जमलं, गालांवर पट्ट्या उतरणारं. दोन्ही कुशींना वेलक्रो लावून धैर्यशील आरशासमोर उभा राहिला, तेव्हा सुरुचीसुद्धा पोळ्या सोडून बघायला आली.

“दिसतंय भारी,” ती म्हणाली. “आता काहीतरी बोल.”

“नंतर,” धैर्यशील म्हणाला, आणि तेवढ्यानंच डाव्या कुशीत चर्र झालं.

“कुशीत पट्टी वाढव.”

“दिसेल ती. खोटी दिसेल. मी सांभाळतो.”

प्रयोगाच्या संध्याकाळी हज़रतगंजजवळचा हॉल भरला होता. फेब्रुवारीची थंडी होती, पण स्वेटर घातला तर चिलखत मिटेना, म्हणून आत नुसतं बनियन. पडदा उघडला आणि बुरुजावरचा किल्लेदार पाहून प्रेक्षागृहातून खरोखर ‘वा’ असा आवाज आला. पहिल्या रांगेत सुरुची आणि बाबुराव. विंगेत काकांनी अंगठा वर केला.

मग शत्रूचा वकील आला. तो होता अनीश. काडीसारखा सडसडीत, जन्म लखनौचा, मराठी सगळी समजायची पण उत्तर हिंदीत. म्हणून त्याला दरवर्षी शत्रूच करायचे.

“किलेदार साहब,” अनीश झुकून म्हणाला, “क़िले की चाबियाँ हमारे हवाले कीजिए.”

आता ते पानभर. धैर्यशीलनं पोट आणखी आत घेतलं.

“जा,” तो म्हणाला. श्वास. “सांगा.” श्वास. “तुमच्या.” श्वास. “खानाला.”

प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकले. त्यांना वाटलं, काय दरारा आहे. पण पान अजून सगळंच उरलं होतं आणि धैर्यशीलच्या डोळ्यांसमोर चांदण्या यायला लागल्या होत्या. त्यानं चोरून अर्धा श्वास घेतला. डाव्या कुशीत चर्रर्र झालं.

अनीश एक पाऊल मागे सरला. “ये कैसी आवाज़ थी?”

“गडाचा,” धैर्यशील म्हणाला. श्वास. “दरवाजा.”

पहिलं हसू कोपऱ्यातून आलं आणि रांगेरांगेनं पुढे पसरलं. धैर्यशीलनं कोपरानं वेलक्रो दाबला, तर उजवीकडचा सुटला. तो दाबला, तर पुन्हा डावा. किल्लेदार दोन्ही कोपरं अंगाला घासत कोंबड्यासारखा फडफडू लागला. विंगेत काकांचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला. पडदा पडला, की हे पान संपलं. कायमचं. धैर्यशीलनं पहिल्या रांगेत पाहिलं. सुरुची हसत नव्हती. ती तळहात खाली दाबत ओठांनी सांगत होती, सोड. शेजारी बाबुराव ताठ बसलेले. सासऱ्यासमोर पोट सोडायचं, आणि तेही तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर.

धैर्यशीलनं सोडलं.

दोन्ही कुशी एकदम फाटल्या. छातीचा पत्रा पाठीच्या पत्र्यासकट निसटून अनीशच्या पायांपुढे पडला, उशी पडावी तसा थप्प. आणि बनियनवरच्या किल्लेदाराच्या छातीत इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पोटभर हवा शिरली.

“आणि सांगा तुमच्या खानाला,” त्याचा आवाज असा निघाला, की मागच्या दारातला चहावाला आत डोकावला, “चिलखत हवं तर हेही न्या! गड चिलखतावर उभा नाही, माणसांवर उभा आहे.” हे नाटकात नव्हतं. पुढचं सगळं पान मात्र होतं, आणि त्यानं ते एकाही ठेचेविना, मागच्या भिंतीपर्यंत पोचवून म्हटलं. शेवटच्या ओळीला लोक उभे राहिले. अनीशनं लखनवी शिष्टाचाराला जागून चिलखत दोन्ही हातांनी उचललं, “शुक्रिया” म्हणाला आणि निघून गेला.

विंगेत त्यानं ते सहज घालून पाहिलं. बसलं. जणू त्याच्याच मापाचं होतं. वेलक्रोनं हूं की चूं केलं नाही. शेवटच्या नमस्काराला तो तसाच, धैर्यशीलचं शिरस्त्राणही चढवून बाहेर आला, शेजारी धैर्यशील बनियनवरच वाकला, आणि फोटो निघाले.

“चिलखत पास,” काका म्हणाले. “आता कधी भाड्याचं आणायचं नाही. तू जिंकलास.”

धैर्यशीलचा ऊर भरून आला. “थँक्यू काका. पुढच्या वर्षी किल्लेदार अजून...”

“पुढच्या वर्षी किल्लेदार अनीश.”

“काका, त्याला मराठी बोलता येत नाही.”

“वर्षभरात मराठी येतं,” काका त्याच्या बनियनकडे पाहत म्हणाले. “पोट जायला वेळ लागतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुचीनं त्या नमस्काराचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच साताऱ्याहून धैर्यशीलच्या आईचा फोन. रात्री मुक्कामाला राहिलेल्या बाबुरावांसकट सगळे चहाला बसले होते, म्हणून सुरुचीनं स्पीकर लावला.

“धैर्या, बघितला रे फोटो,” आई म्हणाली. “तोंड झाकलंय तुझं त्या लोखंडात, पण रुबाब काय दिसतोय. आणि किती छान बारीक झालायस.”

खरं सांगायची हीच वेळ होती. अख्ख्या मंडळाशी खरेपणासाठी भांडलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. धैर्यशीलनं फोनकडे पाहिलं.

“हो आई,” तो म्हणाला. “जरा लक्ष देतोय हल्ली.”

“दे बाबा. आणि शेजारी ते बनियनवर वाकून नमस्कार करतायत, ते आपले व्याही ना? फार सुटलेत रे. या वयात पोट बरं नव्हे, जरा समजावून सांग त्यांना.”

टेबलाच्या पलीकडे बाबुरावांनी कप बशीत ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि सपाट पोटावर हात जुळवून बसले.

“सांगा, जावईबापू,” ते म्हणाले. “ऐकतोय मी.”