मावशींना कोणी नाही, याचा दाखला

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या मावशी जिन्यावरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात मोडला. शिलाई बंद, कमाई बंद. म्हणून त्यांनी सरकारी रोख मदतीसाठी अर्ज केला. पूर्वी या योजनेत गरजूला सरळ पैसे मिळत. परंतु त्यामुळे फार लोकांची गरज भागू लागल्याचे निदर्शनास आल्यावर योजनेचा विकास करण्यात आला. आता आधी घराची पाहणी होते.

पाहणी अधिकारी जाडजूड फाइल बगलेत मारून आले.

"खुर्ची कुठे आहे?"

"नाही हो साहेब. एक स्टूल होतं, त्याचाही पाय गेलाय."

"अहवाल बसूनच भरावा, असा नियम आहे," असं म्हणून साहेब काही न बघताच परत गेले.

पुढच्या खेपेला आम्ही शेजाऱ्यांनी खुर्ची नेऊन ठेवली. साहेब ऐसपैस बसले आणि त्यांनी लिहिलं, 'फर्निचर : आहे.'

"अहो, ती माझी नाही!" मावशी कळवळल्या. "समोरच्या वहिनींची आहे."

"शेजारी तुम्हाला खुर्ची देतात?"

"खुर्चीच काय, दोन्ही वेळचा डबाही देतात."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग तुम्ही निराधार कशा? तुम्हाला कुणी विचारत नाही, असा दाखला आणा."

असा दाखला कुठल्याच कार्यालयात मिळेना, तेव्हा तो आम्हीच तयार केला. 'सदर महिला जगली काय, मेली काय, आम्हांस सोयरसुतक नाही,' या मजकुराखाली बत्तीस जणांनी सह्या केल्या. सही करताना वहिनींचे डोळे भरून आले आणि एक थेंब कागदावर पडला. साहेबांनी कागद उजेडात धरला.

"हे काय? आपुलकीचे डाग चालत नाहीत."

आम्ही पुन्हा सह्या केल्या. या वेळी कोरड्या डोळ्यांनी. साहेब समाधान पावले आणि अर्ज मंजूर झाला.

पैसे आले. मावशींनी डॉक्टरांचं बिल भागवलं, किराणा भरला. आयुष्यभर दुसऱ्यांचे नवे कपडे शिवलेल्या या बाईने उरलेल्या पैशांत स्वतःसाठी सँडल घेतले. लाल. ते घालून, मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून त्या अंगणातून चालत गेल्या. हसत होत्या.

आम्ही गॅलरीतून पाहिलं.

"लाल?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले. "आपल्या करातून?"

"गरजू बाईला काळे चालले नसते का?" मी म्हणालो.

"आणि टाचेचे आहेत हो," वहिनी हळूच म्हणाल्या.

तक्रार त्याच संध्याकाळी लिहून झाली. अक्षर माझंच आहे. कागद जिन्यापाशी लावलाय, शेजारी दोरीला पेन बांधलंय. मजकूर पूर्ण वाचायची गरज नाही, बहुतेकांनी वाचलेला नाही. खाली अजून बरीच जागा आहे. तुम्हीही कर भरताच ना?