गुरुजींनी पुजलेला पांढरा ओटा

ट्रॅक्टर, बोअरवेल, पिठाची गिरणी, एका डॉक्टरांचं सोनोग्राफीचं मशीन... अमरावतीत हरिहरगुरुजींनी काय काय म्हणून पुजलं नव्हतं! आणि खुद्द त्यांच्याच घरातला नवा ओटा मात्र बिनपूजेचा. ही गोष्ट त्यांना सकाळी चहा पिता पिता एकदम लागली. चहाबरोबर ती गिळून टाकली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चांगलं काम सुचलं की गुरुजींना दम धरवत नाही. (वाईट आपल्याला सुचतच नाही, असं त्यांचं म्हणणं. चारुशीलाबाईंचं मत वेगळं आहे.)

ओटा साधासुधा नव्हता. दगडाचा चुरा आणि रेझिन दाबून बनवलेला, दुधासारखा पांढरा, क्वार्ट्झचा. त्यासाठी चारुशीलाबाईंनी कित्येक वर्षं गुरुजींच्या मागे लकडा लावला होता. बसवला त्याच दिवशी अकोल्याहून त्यांच्या भावजयीचा, माणिकवहिनींचा फोन आला. "पांढरा ओटा? काहून वं चारू, तुमच्या घरी हळद-तिखट नाई खात काय? आठ दिवसांत पोतेरं होते पाय त्याचं!" तेव्हापासून चारुशीलाबाई ओट्यावर चहाचा कपसुद्धा बशीशिवाय टेकू देत नव्हत्या. आज त्या वहिनींना आणायला अकोल्याला गेल्या होत्या. संध्याकाळी वहिनी स्वतःच्या डोळ्यांनी ओटा बघणार होत्या, आणि बायकोची मान ताठ राहते की खाली जाते, हे तेव्हाच ठरणार होतं.

"ती यायच्या आत पूजा उरकून ठेवू," गुरुजी स्वतःशीच म्हणाले. "किती खूश होईल!"

सोवळं नेसून त्यांनी तेलात कुंकू कालवलं. यजमानाकडे ते बोटभर स्वस्तिक काढतात. इथे घरचंच काम, म्हणून चांगलं ताटाएवढं काढलं. शेजारी ओल्या हळदीचा पाच बोटांचा ठसा उमटवला. फूल वाहिलं, नारळ फोडला, आणि पुसायला फडकं शोधणार तेवढ्यात मूर्तिजापूरहून देवानंद यजमानांचा फोन आला.

"गुरुजी, पोराच्या लग्नाचा मुहूर्त त्याच तारखेचा काढून द्या ना. हॉल त्याच दिवशी भेटून राहिला!"

"अहो, त्या दिवशी मुहूर्त नाही."

"पंचांग जरा नीट पाहा न जी! एखांदा बारका तरी असंन."

हॉल आणि ग्रहांची गाठ घालता घालता दुपार झाली. गुरुजी पंचांग मिटून ओट्यापाशी परत आले तोवर हळद-कुंकू ओट्यावर खडखडीत वाळलं होतं. त्यांनी रीतसर विसर्जन केलं, 'पुनरागमनाय च' म्हणून अक्षता टाकल्या, आणि ओल्या फडक्यानं ओटा पुसला. चकाचक! गुरुजी समाधानानं वळले. जरा वेळानं ओटा सुकला आणि गुलाबी स्वस्तिक हळूहळू वर आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. इतक्या वर्षांत त्यांचा एकही मंत्र इतका तत्परतेनं फळला नव्हता.

त्यांच्या डोळ्यांसमोर बायकोचा चेहरा आला. रागावलेला नव्हे, हिरमुसलेला. तोच त्यांना सहन होत नसे.

हाक ऐकून शेजारचे वामनराव धावले. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. हातात संडास धुवायच्या अॅसिडची बाटली.

"सरका गुरुजी! एका मिन्टात साफ करतो."

"कुठल्या शास्त्रात लिहिलंय हे?"

"माह्या शास्त्रात!"

बाटलीचं बूच उघडायच्या आत गुरुजींनी नागपूरला मुलीला, जुईलीला फोन लावला. ओटा तिनंच पसंत केला होता. सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली आणि मग ओरडली, "बाबा, अॅसिड नाही, ब्लीच नाही, तारेची घासणी नाही! वरची चमक जाईल, ती परत येत नाही. काकांना बाटली खाली ठेवायला सांगा!"

"वामनराव, खाली ठेवा."

"कुठी ठेवू? ओट्यावर?"

"नाही!" बाप आणि लेक एकदम ओरडले.

जुईलीनं सांगितल्याप्रमाणे गुरुजींनी कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड कालवलं आणि मऊ फडक्यानं, हलक्या हातानं, गोल गोल घासायला घेतलं. तेल सुटलं, कुंकू निघालं. रुद्राची आवर्तनं करणारा माणूस, त्याला गोल गोल फिरवायचा कंटाळा कसला? पण हळदीचा पंजा हटेना. त्यावर खायच्या सोड्याची पेस्ट लावली, आणि पिवळा पंजा बघता बघता लालभडक झाला.

"अरे देवा! हे काय झालं?"

"वा! वा!" वामनरावांनी टाळ्याच वाजवल्या. "हळदीले सोडा लागला की लाल होते. तुमी कुंकू तयार केलं गुरुजी! पोरायले हे शिकवाले किती मरमर करत होतो मी!"

"वामनराव, ती गाडीत बसली असेल हो!"

साबणाच्या पाण्यानं धुतल्यावर लाल गेलं, फिकट पिवळं तेवढं उरलं. "हळद उन्हात उडते," जुईली म्हणाली. पण ओटा उन्हात नेणार कसा? मग ऊनच आत आणायचं ठरलं. दोघांनी कपाटाचा लांब आरसा काढून अंगणात धरला आणि खिडकीतून ऊन ओट्यावर पाडलं. जन्मभर ज्या उन्हाला शिव्या घातल्या, त्याला त्या दिवशी गुरुजींनी मनोभावे नमस्कार केला. (येणारेजाणारे थांबून आरशात भांग पाडून जात होते, ते सोडा.) सूर्य कलला तेव्हा ओटा पांढराशुभ्र होता, आणि गुरुजींचा उजवा खांदा भरून आला होता.

गुरुजींना रडूच यायचं बाकी होतं, आनंदानं.

संध्याकाळी माणिकवहिनी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. चष्मा लावला, वाकल्या, बोट फिरवलं, वासही घेतला. चारुशीलाबाईंनी श्वास रोखून धरला होता. गुरुजींनीही.

"नाई वं चारू," वहिनी शेवटी म्हणाल्या, "डाग नाई एकबी. मानलं तुले!"

चारुशीलाबाईंचा चेहरा असा खुलला की गुरुजींना दिवसभराचे कष्ट सार्थकी लागल्यासारखे वाटले.

"पण जवाईबुवा," वहिनी वळल्या, "ओट्याची पूजा नाई केली? कुंकवाचं बोटबी नाई?"

गुरुजींनी उगाचच जानवं सारखं केलं.

"यांच्या भरवशावर राहते का मी, वहिनी?" चारुशीलाबाई हसून म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "यांचं तेल-कुंकू लावलं असतं तर ओट्याची वाट लागली असती. मी अकोल्याहून स्टिकर आणलंय."

आणि गुरुजी हात पुढे करेपर्यंत त्यांनी लाल-पिवळं, ताटाएवढं स्वस्तिक ओट्यावर पक्कं दाबून बसवलं. सकाळी गुरुजींनी काढलं होतं, बरोब्बर त्याच जागी.

"दुकानदार म्हणाला, कितीही घासा, दहा वर्षं निघणार नाही. बघा किती सुबक आहे! तुमच्या हातून आलं असतं का असं?"

"नाही," गुरुजी म्हणाले आणि आशीर्वाद द्यायला त्यांनी हात उचलला. उजवा खांद्याच्या वर जाईना, म्हणून मग डाव्यानंच दिला.