डावीकडे ओढणारी गाडी

गाडी डावीकडे ओढते, हे नकाशेवाल्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती दुरुस्त करून घ्यावी असं मात्र त्याला कधी वाटलं नाही. गाडी दोनच जणांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, शर्यतीच्या घराण्यातली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने ती का घ्यावी, याचं उत्तर घरात अजून कोणाला मिळालेलं नव्हतं. दिवसभर तो कचेरीत दुसऱ्यांच्या जमिनींच्या सरळ रेघा आखायचा. संध्याकाळी घराकडे निघालं की पुलापुढे रस्त्याला फाटा फुटे. सरळ गेलं की घर, डावीकडे तळं. त्याची बोटं स्टिअरिंगवर सैल पडत आणि गाडी, झोपेत कूस बदलावी तशी, डावीकडे वळे. तो फक्त हरकत घेत नसे.

तळ्याकाठी तो काच खाली करून बसे. पाण्यावरचं ऊन पातळ होत जाई. बदकं मागे रेघा सोडत आणि त्या लगेच पुसल्या जात. त्यातली एकही सरळ नसे आणि एकही त्याला मोजावी लागत नसे. दिवसातला तेवढाच वेळ त्याच्या मालकीचा होता.

"उशीर?" बायको विचारी. ती घरीच शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिचे प्रश्न आखूड असत.

"अगं, गाडीच डावीकडे ओढते. मी काय करू?"

कापडाची उलटी बाजू बघावी तशी ती त्याच्याकडे बघे.

एका सुट्टीच्या सकाळी तिचं रीळ घरंगळत गाडीखाली गेलं. ते काढायला ती आडवी झाली, ती बराच वेळ उठलीच नाही.

"अहो, इकडे या. हा पुढचा उजवा टायर बघा. वरून कडक इस्त्री आणि आतून पार उसवलाय."

तो वाकला. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतल्या कडेला टकलासारखा गुळगुळीत झाला होता. तारा तेवढ्या दिसायच्या राहिल्या होत्या.

"एखाद्या दिवशी फुटला असता म्हणजे?" ती म्हणाली. "काढा गाडी."

चाकांची अलाइनमेंट करणाऱ्याला सगळे 'ओळंबा' म्हणत. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर त्याला घास गिळवत नसे. त्याने गाडी वर चढवली, चाकांना यंत्रं अडकवली आणि पडद्यावरचा लाल आकडा बघून चुकचुकला.

"वहिनी, असल्या गाड्यांची चाकं थोडी आत झुकवलेलीच असतात, वळणावर पकड राहावी म्हणून. पण हे उजवं फारच झुकलंय. टायर आतून खातंय आणि गाडीला डावीकडे ढकलतंय."

नवा टायर चढला, आकडे हिरवे झाले. "आता हात सोडले तरी सरळ घरी," ओळंबा म्हणाला.

"तेवढंच हवंय," बायको म्हणाली.

गाडी खरंच सरळ जाऊ लागली. फाट्यावर तळं खांद्याशी चमकून मागे पडे आणि नकाशेवाला दिवसाउजेडी घरात हजर. उजेडी आलेल्या नवऱ्याचं करायचं काय, हे मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं. ती वेळ बायकोच्या गिऱ्हाइकांची. पहिल्या दिवशी मापं द्यायला आलेल्या एका बाईंना तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "कंबर इथे नाहीये, जरा खाली शोधा." दुसऱ्या दिवशी कापडावरच्या खडूच्या रेघा वाकड्या दिसल्या, म्हणून त्याने पट्टी घेऊन त्या सरळ केल्या. बायकोने त्यावर विश्वासाने कात्री चालवली. कोट असा झाला की घालणाऱ्याने जन्मभर हात वर करूनच फिरावं.

"बाहीचा मुंढा गोल असतो," ती शांतपणे म्हणाली. "माणसाला खांदा असतो."

"रेघ वाकडी होती गं."

"तुम्ही उशिरा यायचात तेव्हा सगळं कसं सरळ चाललं होतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो कचेरीतून निसटून ओळंब्याकडे गेला. "थोडी बिघडवता येईल का? डावीकडे. अगदी किंचित."

ओळंब्याने पाना खाली ठेवला. "साहेब, टायर पुन्हा आतून जाईल. आणि लाल आकडा ठेवून गाडी सोडली तर मला झोप लागायची नाही. सकाळी वहिनींनाही हेच सांगितलं."

"कोणाच्या वहिनी?"

"तुमच्या घरच्या. फोन आला होता. म्हणाल्या, पहिल्यासारखी वाकडी करून द्या, मोजून अर्धा तास. आमच्या यंत्रात तसलं माप नाही हो."

संध्याकाळी तो कचेरीतून बाहेर पडला, तर बायको गाडीला टेकून उभी. अंगावर दोऱ्याचे तुकडे तसेच. एरवी फक्त त्याची बॅग बसणाऱ्या सीटवर ती जाऊन बसली.

"बघू तरी, कशी ओढते ती."

"आता नाही ओढत," तो म्हणाला. फोनबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

पूल मागे पडला. त्याने वेग कमी केला, बोटं सैल सोडली आणि वाट पाहिली. गाडी इमानेइतबारे सरळ निघाली. तेवढ्यात डाव्या बाजूने एक हात आला आणि मशीनखालून रेशीम सरकवावं तितक्या हलकेच त्याने स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं. गाडी फाट्याला वळली. समोर पाणी, पाण्यावर पातळ ऊन.

"ओढते की," ती काच खाली करत म्हणाली. "उगाच नावं ठेवता गाडीला."

बदकं रेघा सोडत होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"उद्यापासून तुमची तुम्ही ओढा," ती म्हणाली. "मला तो कोट उसवायचाय."