आठवी अ रिकामी नाही

"दुसरी कुठलीही शाळा घ्या, आमची नको," बायको म्हणाली आणि तिने हातातलं भांडं जरा जोरातच ठेवलं.

"अगं, पण सरांनी हीच सांगितलीय. विद्यापीठाच्या भिंतीला लागून. जायला-यायला सोपी."

"म्हणूनच म्हणतेय."

डॉक्टरांना त्यातलं 'म्हणूनच' ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणजे, ते अजून व्हायचे होते. एका कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवायचे, तेही हंगामी. पीएचडी झाली तर नोकरी कायम, नाही झाली तर घरी. पीएचडीच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती, त्याआधी प्रबंध द्यायचा होता. सासऱ्यांचा मात्र जावयावर इतका विश्वास, की नावाआधी ठसठशीत 'डॉ.' कोरलेली पितळी पाटी त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी करून आणली होती. तेव्हापासून पाटी कपाटामागे उभी होती आणि घरचे सगळे त्यांना डॉक्टर म्हणत होते. आधी कौतुकाने, मग सवयीने. बायको अलीकडे जरा वेगळ्याच सुरात म्हणायची.

प्रबंधाचा विषय होता 'आठवीच्या विद्यार्थ्यांची गणितातील पीछेहाट : एक समाजशास्त्रीय शोध'. त्या शाळेत आठवी अ ला गणित डॉक्टरांचीच बायको शिकवायची. मुलं मागे का पडतात हे एकदा तिलाच विचारावं, असं डॉक्टरांच्या मनात कधी आलं नाही. घरच्या माणसाला विचारलं तर त्या नुसत्या गप्पा होतात. संशोधनाला फॉर्म लागतो.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेर बाकावर तिघं जण मांडीवर फायली घेऊन बसले होते.

"पालक का?" डॉक्टरांनी अदबीने विचारलं.

"नाही, पीएचडी," पहिला म्हणाला. दुसऱ्याने नुसती मान डोलावली. तिसरी एक चष्मेवाली होती, ती म्हणाली, "रांग इथून आहे."

मुख्याध्यापिकाबाईंनी वेळापत्रकावरून बोट फिरवलं. "आठवी भरलीय हो. सहावी घेता का? सहावी ताजी आहे. अजून फारशी कुणी वापरलेली नाही."

"नाही, मला आठवीच हवी. म्हणजे, माझी बायको इथेच..."

"अगोबाई, आमच्या गणिताच्या बाईंचे तुम्ही! आधी नाही का सांगायचं? मग उद्याचा मधल्या सुट्टीनंतरचा तास घ्या. मुलं जेवलेली असतात, चिडचिड करत नाहीत. सगळ्यांना तोच तास लागतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फॉर्मचा गठ्ठा घेऊन आठवी अ मध्ये शिरले, तेव्हा बायको खडू घेऊन फळ्यापाशी उभी होती. 'अपूर्णां' इथपर्यंत लिहून झालं होतं. डॉक्टरांना पाहून तिने खडू खाली ठेवला. मुलांनीही कुणी न सांगता गणिताची पुस्तकं मिटली आणि पेनं काढली. वर्गप्रमुख मुलगी उठून उभी राहिली.

"सर, हो-नाहीचं आहे की पाच खणांचं?"

"पाच खणांचं," डॉक्टर चपापले.

"नाव घालायचं की गुप्त?"

"गुप्त."

ती वर्गाकडे वळली. "गुप्त आहे रे. सगळ्यांनी मधला खण भरा."

"अगं, तसं नाही! मनात येईल तो खण भरायचा."

"सर, टोकाचा भरला की मुलाखत लागते," ती समजुतीने म्हणाली. "गेल्या वेळी शेवटच्या बाकावरच्याने 'पूर्णपणे असहमत' भरलं. त्याच्या घरी जाऊन आईबाबांची पण घेतली. बाबा अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत."

बघता बघता गठ्ठा परत आला. सगळे फॉर्म मधल्या खणात. डॉक्टरांनी गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. महिनाअखेर डोळ्यांसमोर नाचू लागली. शेवटी त्यांनी फॉर्म बाजूला सारले आणि आयुष्यात प्रथमच तोंडी प्रश्न विचारला. "बरं, असंच सांगा. तुम्हाला गणित अवघड का जातं?"

वर्ग गोंधळला. खण नसलेला प्रश्न त्यांना नवीन होता.

"अवघड जातं की नाही ते माहीत नाही, सर," वर्गप्रमुख म्हणाली. "गणिताचा तास झाला की कळेल."

"म्हणजे?"

"हाच तर गणिताचा तास. सोमवारी एक मॅडम येतात, गणिताची भीती बघायला. मंगळवारी एक सर, गणित आणि घरचं वातावरण. बुधवारी मुलींचं गणित असतं, तेव्हा मुलांना बाहेर बसवतात. आज तुम्ही."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

"रोज जेवताना मी काय सांगते?" ती हळूच म्हणाली. "पोर्शन होत नाही, पोर्शन होत नाही. तुम्ही हं हं करता आणि मीठ मागता."

एवढ्यात मागून भराभर लिहिल्याचा आवाज आला. कालची चष्मेवाली शेवटच्या बाकावर बसली होती.

"तुम्ही इथे कशा?"

"मी इथे नाहीये," ती मान वर न करता म्हणाली. "माझा विषय संशोधक आणि विद्यार्थी यांचे संबंध. तुमचं चालू द्या. फक्त जरा सावकाश बोला."

डॉक्टर धावतच मार्गदर्शकांकडे गेले. "सर, कारण सापडलं! मुलं मागे पडतात ती आपल्यामुळे!"

सरांचा चेहरा किंचित उतरला. त्यांची स्वतःची पीएचडी याच शाळेच्या आठवीवर झाली होती, आणि जे परीक्षक म्हणून यायचे, त्यांचीही. पण मुरलेला माणूस. लगेच सावरले.

"निष्कर्ष छान आहे. पण पुरावा? वर्गात संशोधक नसले की मुलं शिकतात, हे सिद्ध करायला नको?"

"हवं ना."

"मग ते कुणी बसून बघायला नको?"

"हवं," डॉक्टर म्हणाले.

"एकट्याने बघितलं तर पक्षपात म्हणतील. आपण सहा जण जाऊ. उद्याच. मधल्या सुट्टीनंतर."

घरी डॉक्टरांनी ही आनंदाची बातमी बायकोला दिली. "पण कुणी चकार शब्द काढणार नाही हं. तू अगदी बिनधास्त शिकव."

बायको उठून आवराआवरीला लागली. भांडीसुद्धा वाजली नाहीत. निरीक्षणाची थोडी जरी सवय असती, तरी माणूस घाबरला असता. डॉक्टर शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या मागोमाग सगळी वरात आठवी अ पाशी पोचली. दार बंद होतं. दारावर घासूनपुसून लख्ख केलेली पितळी पाटी होती, 'डॉ.' सकट. खाली पुठ्ठ्यावर ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं : 'संशोधन चालू आहे. व्यत्यय आणू नये.'

समोरून आलेले दोन फायलीवाले पुठ्ठा वाचून थबकले. "नमुना बिघडेल कुणाचा तरी," एकजण कुजबुजला आणि दोघं चवड्यांवर माघारी गेले. सोमवारच्या मॅडमना कधी कुणी असा मान दिला नव्हता, बायकोला तर नाहीच नाही.

"अरे, तुझंच चालू आहे की आत!" सरांनी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. "बोलला नाहीस ते? आणि 'डॉ.' आधीच? आत्मविश्वास लागतो बाबा!"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर सहा जण आत जाणार, पुरावा मिळणार, महिनाअखेर प्रबंध जाणार, नोकरी कायम होणार आणि पाटी घरच्या दाराला लागणार. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "पाऊण म्हणजे चारातले किती?" आणि वर्ग एका दमात ओरडला. मग कुणीतरी हसलं, मग तीही हसली. असं मोकळं हसू डॉक्टरांनी घरी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती मधल्या खणातली नव्हती.

"चालू आहे, सर," ते म्हणाले. "आता मधेच थांबवता येणार नाही."

"थांबवूच नकोस! चालू कामाला मुदतवाढ मिळते. अर्ज आण, मी सही करतो."

अशा रीतीने डॉक्टर हंगामीच राहिले. दर सत्राला अर्ज करतात, दर सत्राला मुदत वाढते. पाटी उतरली तर वर्ग जाईल आणि पाटी राहिली तर पीएचडी होणार नाही, हे त्यांना आता पक्कं कळलंय. वार्षिक परीक्षेत आठवी अ गणितात पहिली आली, तेव्हा त्यामागची कारणं शोधायला सरांनी आणखी तिघं पाठवले. तेही पाटी वाचून परतले. सासऱ्यांनी फोनवर विचारलं, "पाटी लावली का?" डॉक्टर म्हणाले, "लावली." ते खोटं नव्हतं.

एकदा न राहवून डॉक्टरांनी आठवी अ चं दार हलकेच वाजवलं. दार बोटभर उघडलं.

"काय हो?"

"काही नाही. जरा मागे बसून ऐकावं म्हटलं. फॉर्म आणलेला नाही, शप्पथ."

बायकोने पाटीकडे बोट दाखवलं. "वाचता येतं ना? डॉक्टरसाहेबांचं संशोधन चालू आहे."

"बाई, कोण आहे?" आतून वर्गप्रमुख मुलीने विचारलं.

"कुणी नाही गं," बायको दार लावत म्हणाली. "पीएचडी."