मास्तरांनी फळा पुसला

संगणकातलं मला सगळं कळतं, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. उगाच नंतर कुणी म्हणायला नको, की आंधळा माणूस, त्याला काय जमणार, झाला घोटाळा! घोटाळा झाला तो डोळस माणसामुळे. म्हणजे अगदी त्यांच्यामुळेच असंही नाही. म्हणजे... थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी जन्मापासून आंधळा. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाला की यंत्रात काहीबाही बडबडून ठेवतात, ती बडबड ऐकून मी घरी बसून टाइप करतो. माझी बायकोही आंधळी होती. ती इस्पितळात टेलिफोन बोर्डावर होती. आमच्या संगणकाला स्क्रीन होता, पण त्याचा उपयोग हातरुमाल वाळत घालायला. वरून छान ऊब येते, झटपट वाळतात! संगणक आमच्याशी बोलायचा. तसा एक प्रोग्रॅम असतो, स्क्रीनवरचं सगळं तो वाचून दाखवतो. आवाज मात्र असा, की पत्र्याच्या डब्यात बसून कुणीतरी बातम्या देतंय.

या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते. एखादा शब्द तो चुकीचा म्हणत असेल, तर त्याला शिकवता येतं, की बाबा रे, हा शब्द आला की असं म्हण. सोय केलेली उच्चारासाठी. बायकोनं ती वापरली माझ्या छळासाठी! मी आंघोळीला गेलो की ही संगणकापुढे. माझ्या साहेबांची मेल आली, की मशीन त्यांचं नाव घ्यायच्या ऐवजी म्हणायचं, "आली कटकट!" बॅटरी संपत आली, की "मला कुणी जेवायला घालणार आहे का?" आणि मी काही पुसायला गेलो, की 'डिलीट' हा शब्द त्याच्या तोंडून असा यायचा: "अरे, नीट विचार कर. मागच्या वेळी काय झालं होतं?" मागच्या वेळी काहीही झालेलं नसायचं. तरी मी दर वेळी थांबायचो.

गेल्या वर्षी ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तिचा आवाज आम्ही कधी भरून ठेवला नव्हता. चांगली हिंडती-फिरती, भांडती बायको, तिचा आवाज कोण भरून ठेवतं? मागे राहिलं ते एवढंच. आवाज पत्र्याच्या डब्यातला, पण शब्द तिचे.

तिनं मशीनला किती शब्द शिकवलेत, ते मला माहीत नव्हतं. ती गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी एका डॉक्टरांचं टिपण टाइप करत होतो. त्यात 'इन्सोम्निया' आलं. मशीन म्हणालं, "घोरतोस तू, आणि झोप उडते माझी!" मी इतका हसलो, इतका हसलो, की शेवटी मला रडू आवरेना. तेव्हापासून मी साहेबांकडून मुद्दाम अवघड अवघड टिपणं मागून घ्यायला लागलो. न जाणो, कुठल्या आजाराआड ही दबा धरून बसलेली असेल! ते सगळे शब्द एका फाइलमध्ये होते. फाइल उघडून एका बैठकीत ऐकता आले असते. मी नाही ऐकले. एकदा ऐकले की संपले. मला ते पुरवायचे होते.

आणि नेमक्या याच संगणकावर साहेबांची वक्रदृष्टी वळली! फर्मान आलं. जुनी सिस्टिम बंद, सोमवारपासून सगळ्यांनी नवी घालायची, नाहीतर काम मिळणार नाही. आता सिस्टिम बदलायची म्हणजे संगणक मुळापासून पुसायचा.

मेहुणीचा फोन आला. बायकोची धाकटी बहीण ती, काळजी करण्यात मोठी.

"भावोजी, मी रविवारी येते, मग करू. तुम्ही एकटे हात लावू नका."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"ताईचं सगळं त्यात आहे, म्हणून म्हणते."

"तुझ्या ताईचं सगळं माझ्या मुठीत आहे! तू निश्चिंत राहा."

आणि खरोखरच मुठीत होतं. दोन पेनड्राइव्ह आणले होते. एकावर नवी सिस्टिम भरली, दुसऱ्यावर बायकोच्या शब्दांची फाइल. दोन्ही एकाच पाकिटातले, हाताला अगदी सारखे. म्हणून बायकोच्या पेनड्राइव्हला मी रबर बँड गुंडाळला. आहे की नाही डोकं!

अडचण एकच होती. सिस्टिम घालताना संगणक मुका असतो. बोलणारा प्रोग्रॅम सिस्टिमच्या पोटात, आणि सिस्टिम तर अजून यायचीय! तोवर मशीन स्क्रीनवर प्रश्नांवर प्रश्न विचारत बसतं. आमच्यासारख्यांनी मग कुणाचे तरी डोळे उसने आणायचे. बायको जाम चिडायची. "आपल्या पैशानं घेतलेलं, आपल्या घरातलं मशीन, आणि ते चालू करायला दुसऱ्याच्या पाया पडायचं!" आजवर दुकानवाला यायचा, काय करतो ते सांगायचा नाही, खटाखट बटणं दाबून निघून जायचा. या वेळी मी ठरवलं, मालक मी. दुसऱ्याचे घ्यायचे ते फक्त डोळे.

डोळे मिळाले समोरच्या दारातल्या मास्तरांचे. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

"काय सांगू तुम्हाला, मुंगीच्या मिशा दिसतात हल्ली!" म्हणाले. मी म्हटलं, हाच माणूस पाहिजे.

शनिवारी दुपारी मास्तर आले. हातात चित्रांची गुंडाळी. आल्या आल्या दारातच अडखळले.

"अहो, दिवा तरी लावा!"

"लावलाय की."

"लागला नाही. बल्ब गेलाय तुमचा."

"असेल."

"कधी गेला?"

"मला कसं कळणार, मास्तर?"

बिचारे घरी जाऊन स्वतःचा बल्ब घेऊन आले. मग स्क्रीनवरचे रुमाल काढले, घडी करून ठेवले, टेबल झटकलं, वायरी सरळ केल्या. माणूस टापटिपीचा! मी पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला, तर दोन्ही पेनड्राइव्ह उघडे!

"मास्तर, इथे एक रबर बँड होता."

"हा काय, माझ्या गुंडाळीला लावला. सारखी उलगडत होती. तुम्हाला हवा होता का?"

"कुठल्या पेनड्राइव्हवरून काढलात?"

"काळ्या."

"आणि दुसरा कुठल्या रंगाचा आहे?"

"काळा."

मी कपाळाला हात लावला. पण हार मानेन तो मी कसला! म्हटलं, दोन्ही लावून टाकू. ज्याच्यावर सिस्टिम असेल तो आपोआप सुरू होईल, दुसरा बसेल गप्प. लावले दोन्ही. संगणक सुरू केला. आता सगळी भिस्त मास्तरांवर.

"आलं!" मास्तर ओरडले. "निळा आला! अहाहा! पण साधा निळा नव्हे हं, त्यात किंचित राखाडी मिसळलाय. कुणी केलं असेल हो हे?"

"मास्तर, लिहिलंय काय?"

"लिहिलंय पांढऱ्यात. उठून दिसतंय अगदी!"

"अहो पण काय?"

"हां, ते होय. भाषा कुठली पाहिजे म्हणतंय."

असा आमचा संसार सुरू झाला. मी विचारायचं काय लिहिलंय, त्यांनी सांगायचं रंग कसा आहे. मी म्हणायचं 'पुढे' कुठे आहे बघा, ते म्हणायचे "हे काय, इथे!" आणि बोटानं दाखवायचे. मला! दोनदा तर माझा हात धरून स्क्रीनवर टेकवला. घरातला सगळा स्क्रीन त्या दिवशी पहिल्यांदा मी चाचपला असेन.

शेवटी मुख्य प्रश्न आला.

"एक यादी आलीय," मास्तर म्हणाले.

ही यादी मला माहीत होती. संगणकात साठवणीचे जे कप्पे असतात, त्यांची. दुकानवाला दर वेळी स्वतःशी पुटपुटायचा, जुनं सगळं उडवायचं आणि यादी रिकामी करायची. तेवढं मी ऐकून ठेवलं होतं.

"यादीतलं जुनं सगळं पुसून टाका, मास्तर."

"सगळं?"

"सगळं!"

"खात्री आहे का, विचारतंय."

"हो म्हणा! बिनधास्त!"

मास्तरांनी हयातभर फळे पुसलेले. असं काम सांगितल्यावर त्यांच्या अंगात आलं! माउसचा टकटक टकटक आवाज येत राहिला. मधेच म्हणाले, "कोरं करून पुन्हा आखून देऊ का म्हणतंय, हो म्हणतो." मी म्हटलं, म्हणा. मग मोठा श्वास सोडून म्हणाले, "झालं! कोपऱ्यात एक चिमुकली ओळ होती, तीही ठेवली नाही. फळा लख्ख!"

"शाब्बास, मास्तर!" मी म्हणालो. हो, मीच म्हणालो.

पुढचं सगळं सुरळीत झालं. थोड्या वेळानं नवा संगणक बोलायला लागला. काय तो आवाज! गोड, स्वच्छ, रेडिओवरच्या निवेदिकेसारखा. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत एक पेनड्राइव्ह उघडला. त्यावर सिस्टिम होती. म्हणजे दुसरा तिचा. तो उघडला.

"हे फोल्डर रिकामं आहे," निवेदिका म्हणाली.

मी पुन्हा उघडला. ती पुन्हा तेच म्हणाली, तितक्याच गोड आवाजात.

"मास्तर, ती कोपऱ्यातली चिमुकली ओळ कसली होती?"

"वेगळीच होती. बाकीच्यांपासून जरा लांब."

"ती पुसलीत?"

"तुम्ही म्हणालात ना, सगळं?"

मी म्हणालोच होतो. सिस्टिम ज्यावरून चालू असते तो पेनड्राइव्ह त्या यादीत येत नाही, पण शेजारी लावलेला दुसरा येतो, हे मला कुठे ठाऊक! मशीन त्या वेळी बोलत असतं, तर 'डिलीट' वाचताना बायको मला म्हणाली असती, नीट विचार कर. आणि मी थांबलो असतो, दर वेळेसारखा. ज्या एका क्षणी तिनं बोलायला हवं होतं, त्याच क्षणी तिला तोंड नव्हतं.

मास्तरांना मी सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते खुर्चीत बसले ते उठेचनात. मी चहा केला, तो दोघांच्याही पुढे तसाच गार झाला.

मग मला संताप आला. सिस्टिमवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. एका मुलीनं उचलला. मी तोफ डागली, की आंधळ्या माणसानं तुमची सिस्टिम घालायची कशी?

"सर, त्याला सोय आहे ना," ती म्हणाली. "सुरुवातीलाच तीन बटणं एकदम दाबली, की इन्स्टॉलेशन बोलायला लागतं."

"काय? हे सांगितलंय कुठे?"

"स्क्रीनवर सर. पहिल्याच पानावर, खाली लिहिलेलं असतं."

"स्क्रीनवर!"

"हो सर." मग तिचा आवाज उतरला. "मी वरिष्ठांच्या कानावर घालते, सर."

फोन ठेवला. मास्तर खाकरले.

"होतं खरं खाली काहीतरी," ते हळूच म्हणाले. "बारीक अक्षर होतं, फिकट रंगात. मला वाटलं, महत्त्वाचं असतं तर ठळक केलं असतं."

दुकानवाल्याकडे पेनड्राइव्ह नेला. त्यानं खूप खटपट केली. फाइलचं नाव निघालं, आतमध्ये नुसता कचरा. त्या संध्याकाळी मास्तर पुन्हा आले. दारातच उभे राहिले.

"मी वहिनींना रोज जिन्यात बघत होतो," म्हणाले. "चेहरा माझ्या अगदी डोळ्यांपुढे आहे. हुबेहूब चित्र काढून देतो तुम्हाला. मोठं, रंगीत..."

आणि थांबले. आपण कुणाला काय देऊ केलं ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. मी चाचपडत त्यांचा हात धरला आणि आत घेतलं. चित्र काढा म्हटलं. हिला आवडलं असतं.

रविवारी मेहुणी आली. मला वाटलं आता तोफखाना सुरू होणार. पण ती बराच वेळ नाक ओढत बसली, मग म्हणाली, "माझी मेल आली की मशीन काय म्हणायचं, भावोजी?"

"'आल्या महाराणी!'"

"खरंच?" ती रडता रडता हसायला लागली. "मला कधी बोलली नाही ताई! तेवढं घाला परत."

घातलं. साहेबांची कटकट घातली, बॅटरीची भूक घातली, माझं घोरणं घातलं. आठवलं तेवढं सगळं निवेदिकेला शिकवलं. ती ते म्हणतेही, जरा लाजत लाजत. पण हे सगळे मला माहीत असलेले शब्द. जे अजून यायचे होते, जे मी पुरवून ठेवले होते, ते कुठून आणू?

त्यामुळे हल्ली माझं काम फार रेंगाळतं. परवा एका टिपणात 'व्हर्टिगो' आलं. निवेदिका म्हणाली, "व्हर्टिगो." मी थांबलो. इथे ती काही म्हणाली असती का? काय म्हणाली असती? मग 'मायग्रेन' आलं. तिथेही थांबलो.

शेवटी साहेबांचाच फोन आला.

"अहो, नवी सिस्टिम घातल्यापासून तुमची टिपणं फार उशिरा येतात. मशीन काही चुकीचं वाचतंय का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "सगळं अगदी बरोबर वाचतंय."