न्हाणीघरातली पाहुणी

चष्मेवाले काका सकाळी आंघोळीला गेले ते कोरडेच बाहेर आले आणि मोबाइल घेऊन पुन्हा आत शिरले. नळाच्या वर, टाइलवर एक चिमुकली माशी बसली होती. आकार पत्त्यातल्या बदामासारखा, अंगभर करडी लव, आणि हुसकावलं तरी बया ढिम्म हलत नव्हती. जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवली, पण असलं काही काकांच्या नजरेला कधी पडलं नव्हतं. माशी नवीन निघाली तर तिला आपलं नाव द्यायचं, हे त्यांनी दात घासायच्या आत ठरवूनही टाकलं.

फोटोवरून माश्या ओळखणाऱ्या एक बाई लेकीने इंटरनेटवर शोधून दिल्या. बाई सभ्य, पण भलत्या चिवट. आधी म्हणाल्या, फोटो हललाय. मग म्हणाल्या, मापासाठी शेजारी काहीतरी ठेवा. काकांनी मोहरी चिकटवली, तर फोटोत मोहरीच तेवढी सुरेख आली. मग बाईंना माशीच्या मिशा पाहायच्या होत्या. काकांनी दुकानातलं भिंग मोबाइलला बांधलं आणि माशी बिथरू नये म्हणून घरच्यांना न्हाणीघर बंद केलं. मायलेकी टॉवेल घेऊन शेजारी आंघोळीला जाऊ लागल्या. शेजारणीने कारण विचारलं, ते काकांनी अख्ख्या इमारतीला सांगितलं. झालं, लोक माशी बघायला येऊ लागले.

काकूंचं डोकं फिरायची वेळ आली. त्यांच्या टापटिपीचे दाखले इमारतीतल्या सासवा सुनांना देत. "एका माशीपायी घराची धर्मशाळा झाली," त्या म्हणाल्या. "झाडूचा एक फटका, की आटोपलं संशोधन."

बाईंचं उत्तर आलं तेव्हा घरात पाचसहा मंडळी जमली होती. काकांनी घसा खाकरून ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि तिथेच माशी शिंकली.

"अगदी सर्वसाधारण माशी. न घासलेल्या मोरीतल्या घाणीत जन्मते. जाळी काढून आत स्वच्छ करा."

शेजारणीने पाय उचलून खुर्चीवर घेतले. काकांचा चेहरा पार उतरला. नाव तर गेलंच होतं, वर काकूंकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"फोटोवरून कुठे काय कळतं?" काकू शांतपणे म्हणाल्या. "ही वेगळी जात आहे. दुर्मीळ."

"अगं, पण त्या तज्ज्ञ आहेत."

"असतील. आपली मोरी पाहिलीय का त्यांनी?"

त्यांनी भिंगासकट मोबाइल काढून घेतला, पदर खोचला आणि न्हाणीघरात जाऊन स्टुलावर चढल्या.

"मिशा कुठल्या बाजूला आहेत, तेवढं दाखवा."