साठ मंदाझी आणि एक पाळक

नाब्विरे आजीने एकाहत्तराव्या वर्षी लग्न केलं ते नवऱ्यासाठी नव्हे, प्रभुभोजनासाठी. नवरा तर पन्नास वर्षांपासून घरात होताच. तिच्या बापाला देजाच्या गाई पोचल्या होत्या, सात पोरं झाली होती. पण चर्चमध्ये लग्न लागलं नव्हतं, म्हणून मंडळीच्या दप्तरात ते लग्न नव्हे, पाप. पन्नास वर्षं ती चर्च झाडत आली, पाळकांसाठी कोंबड्या कापत आली आणि प्रभुभोजनाची भाकर वाटायची वेळ झाली की मागच्या बाकावर गप्प बसत आली. कोंबडी खाताना कुणाला तिचं पाप आठवलं नाही. "थांब, नाब्विरे," प्रत्येक पाळक सांगायचा. पाच पाळक बदलले, शब्द तोच.

तीन महिन्यांपूर्वी तिचा म्हातारा ओदुओरी एकदाचा वेदीपाशी उभा राहिला आणि दोघांना भोजनाचं कार्ड मिळालं. असं कार्ड असलेली माणसं अख्ख्या गावात बारा. बाकी सगळे आजीसारखेच, गाई देऊन संसाराला लागलेले.

आज आजी पांढरा रुमाल बांधून पहिल्या बाकावर येऊन बसली, तर पाळक ओकुमूंचा पत्ता नाही. न्झोया नदीने लाकडी पूल नेला होता आणि त्याच्यामागोमाग होडीही.

"आज नुसती प्रार्थना," उपदेशक वांडेरा म्हणाला. "भोजन पुढच्या फेरीला. पाळकांकडे नऊ चर्चं आहेत, तीन महिन्यांनी येतील."

"तीन महिने? हा म्हातारा टिकेल तोवर?" आजीने ओदुओरीकडे असं बोट दाखवलं, जणू तो बाजारातला शिळा मासा. "तूच दे भाकर. प्रवचन देतोस, मढी पुरतोस."

"आजी, मी माणूस पुरू शकतो, भाकर पवित्र करू शकत नाही. माझ्या डोक्यावर बिशपने दीक्षेचा हात ठेवलेला नाही."

"माझ्या डोक्यावर पन्नास वर्षं पाण्याचा डबा होता. तो चालेल का?"

निवृत्त शिक्षक माकोखा गुरुजी अशाच संधीची वाट बघत असायचे. ते उठले. "येशूने भाकर मोडली तेव्हा कुठल्या बिशपची सही घेतली होती?"

"तो येशू होता, गुरुजी. तुम्ही पेन्शनीत निघालेले मास्तर."

अर्धी मंडळी गुरुजींकडे, अर्धी वांडेराकडे. बाकं सरकली, कुणीतरी कुणाची आई काढली. तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "पाळक आले! पलीकडच्या काठावर!"

सगळे नदीवर धावले. पाळक ओकुमू पलीकडे चिखलाने माखून उभे होते. मोटरसायकल आडवी. भाकरीच्या पातळ चकत्यांची पेटी पाण्यात पडून तिची पेज झालेली, चष्मा वाहून गेलेला.

"इथूनच आशीर्वाद द्या!" आजी ओरडली.

"नदीवरून?"

"तुमच्या डोक्यावर ठेवलेला बिशपचा हात पाण्याला भितो की काय?"

पाळकांनी चिखलाचे हात पाण्यात धुतले. त्यांनी द्राक्षरस आहे का विचारलं. तो चर्चच्या कपाटात होता. भाकर मात्र नव्हती. काठावर फेलिस्ता टोपलीभर मंदाझी, म्हणजे पिठाचे गोड वडे, तळून गिऱ्हाइकाची वाट बघत बसली होती. पूल नव्हता, तेव्हा गिऱ्हाईकही नव्हतं. वांडेराने तिच्याकडून एक गरम, फुगलेली मंदाझी घेतली आणि ताटलीत ठेवली.

पाळकांना चष्म्याविना ताटली दिसेना, वांडेरा दिसेना. चूक नको म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि घसा फोडून म्हणाले, "प्रभो, त्या काठावर जी जी भाकर आहे, ती तुझी कर!"

"आमेन," मंडळी म्हणाली.

"झालं," माकोखा गुरुजी हसून म्हणाले. "टोपलीही गेली."

"कुठं गेली?" फेलिस्ताने टोपली कवटाळली.

"देवाकडे. जी जी भाकर, म्हणाले. साठच्या साठ पवित्र. आता विकायच्या नाहीत, टाकायच्या नाहीत, उद्यावर ठेवायच्या नाहीत. काय वांडेरा?"

"एकच होती ताटलीत," वांडेरा पुटपुटला.

"मघाशी म्हणालास, अधिकार फक्त त्यांचा. नदी ओलांडून ताटलीपर्यंत पोचला, तर हातभर पुढच्या टोपलीपाशी दमला?"

वांडेराने नाइलाजाने पलीकडे हाक मारून विचारलं. पाळकांचं उत्तर आलं, "सगळी संपवा! कार्डवाल्यांनीच!"

आजी पुढे झाली. पहिली मंदाझी तिने डोळे मिटून खाल्ली. दुसरीला म्हणाली, "गोड जास्त आहे." चौथीला तिने कमरेची गाठ सैल केली. पाचवीला वांडेराला उचकी लागली, ओदुओरी गवतावर आडवा झाला. गुरुजींनी पोटावर हात ठेवून धर्मशास्त्र थांबवलं. टोपलीत अजून पंधरा होत्या आणि भोवती शे-दीडशे बिनकार्डाची माणसं तोंडाला पाणी सुटून उभी होती.

"पाळकसाहेब!" वांडेरा उचकीतून ओरडला. "कार्डं संपली! मंदाझी संपत नाहीत!"

पाळक हात झटकून ओरडले, "मग... सगळ्यांना द्या! जो असेल त्याला!"

माणसं तुटून पडली. चिमूट चिमूट मोडून दीडशे जणांत वाटलं गेलं. विधवा, दुसऱ्या बायका, तिसऱ्या बायका, ज्यांना कधी कार्ड मिळणार नव्हतं ती सगळी एकमेकांना भरवत होती.

आजी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "एवढं सोपं होतं?" ती म्हणाली. "मग या म्हाताऱ्याशी लग्न कशाला लावलं माझं? मोकळी होते, हाकलून तरी दिला असता."

"अगं, ऐकतोय मी," गवतातून ओदुओरी म्हणाला.

टोपलीत शेवटची एक उरली. आजीने ती उचलली. पलीकडून आवाज आला. पाळकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यांच्या काठावर भाकरीचा कणही नव्हता. गावात कुत्र्यांनासुद्धा चुरा मिळाला होता.

"एक माझ्यासाठी ठेवा! प्रभुभोजन राहिलंय माझं!"

आजीने मंदाझी उंच धरली, म्हणजे बिनचष्म्यालाही दिसावी.

"थांबा, पाळकसाहेब!" तिने ओरडून सांगितलं. "पुढच्या फेरीला!"

आणि उभ्या उभ्या ती खाऊन टाकली.